कर्ज काढून क्रेडिट कार्ड फेडले, तरी वर्षभरात ते पुन्हा का भरते?

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात समोर येते. दोन-तीन कार्डांवर मिळून लाख-दीड लाख रुपये थकलेले असतात, दरमहा किमान रक्कम न चुकता भरली जाते आणि तरीही मूळ रक्कम जागची हलत नाही. मग कोणीतरी सुचवते म्हणून पर्सनल लोन किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून सगळी कार्डे एका दिवशी मोकळी केली जातात, घरात काही दिवस हायसे वाटते, आणि पुढचा मृग येईपर्यंत तीच कार्डे पुन्हा भरलेली असतात. फरक एवढाच की आता त्यांच्या जोडीला कर्जाचा हप्ताही चालू असतो. लातूर, परभणी, नांदेड, जालना या भागांतील ज्या घरांचा प्रपंच निम्मा पगारावर आणि निम्मा शेतीवर चालतो, त्या घरांत हे इतक्या वेळा घडते की त्याला केवळ उधळपट्टी म्हणून मोकळे होता येत नाही. असे सगळी थकबाकी एकत्र करणारे, म्हणजे एकत्रीकरणाचे, कर्ज व्याजाचा दर बदलते. कार्ड कोणत्या महिन्यात आणि कशामुळे भरते ते बदलत नाही. दुसरी गोष्ट शोधल्याशिवाय पहिली केली, की हा प्रकार पुन्हा घडतो.

किमान रक्कम भरूनही आकडा का हलत नाही

आपल्याकडे व्याज शेकड्याने मोजण्याची जुनी सवय आहे. सावकार दरमहा शेकडा तीन घेतो असे ऐकले की कोणीही कपाळाला हात लावतो, कारण वर्षाचे ३६ टक्के झाले हे न सांगता कळते. कार्डाच्या बिलावर मात्र ‘मासिक ३.५ टक्के’ असे छापलेले असते आणि ते डोळ्यांखालून सहज निघून जाते. ते वर्षाचे ४२ टक्के होतात. शिवाय कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे प्रत्यक्षात दरमहा शेकडा ४.१३ द्यावे लागतात. पर्सनल लोनच्या व्याजावर हा कर नसतो; तिथे तो फक्त प्रक्रिया शुल्कासारख्या आकारांवर लागतो, आणि तुलना करताना हा फरक हमखास विसरला जातो.

एक ठोकळ हिशेब मांडून पाहावा. बिल १,००,००० रुपयांचे आहे, नवी खरेदी पूर्ण बंद आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ५,००० रुपये भरली. उरलेल्या ९५,००० रुपयांवर महिन्याचे व्याज ३,३२५ आणि त्यावरील कर सुमारे ५९८ रुपये धरला, तर पुढचे बिल सुमारे ९८,९२४ रुपयांचे येते. पाच हजार गेले आणि कर्ज कमी झाले १,०७६ रुपयांनी. असेच बारा महिने चालवले तर वर्षभरात सुमारे ५६,५०० रुपये भरून कर्ज जेमतेम १२,२०० रुपयांनी उतरते, तेही वर्षभरात कार्डावर एक रुपयाची खरेदी केली नाही तर. “सर, भरतोय तर दर महिन्याला, पण आकडा हलत नाही,” असे सांगणारा माणूस अतिशयोक्ती करत नसतो. प्रत्येक बिलावर किमान रकमेबाबतचा इशारा छापलाच पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. पण तो इशारा बारीक अक्षरांत असतो आणि ‘किमान देय रक्कम’ मोठ्या अक्षरांत.

याहून कमी लक्षात येणारी गोष्ट व्याजमुक्त मुदतीची आहे. संपूर्ण बिल भरणाऱ्याला खरेदीपासून भरण्याच्या तारखेपर्यंत साधारण वीस ते पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात. मागील बिलातील काही रक्कम बाकी राहिली की ही सवलत संपते, आणि त्यानंतर घेतलेल्या किराण्यावर, औषधांवर, पेट्रोलवर त्या-त्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. थकबाकी असलेल्या कार्डावर घरखर्च चालू ठेवणे म्हणजे वाण्याकडून दरमहा शेकडा साडेतीनच्या व्याजाने रोज उधारी आणणे होय. कार्डावरून एटीएममधून रोख काढली असेल, तर तिला ही सवलत कधीच मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर रोख उचलीचे शुल्क द्यावे लागते.

दर इतका कसा, हे कायद्याने चालते का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये कार्डावर वार्षिक ३० टक्क्यांपेक्षा अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला, त्यामुळे आज कार्डाच्या व्याजाला अशी ठरावीक कमाल मर्यादा नाही. महाराष्ट्रातील परवानाधारक सावकाराला मात्र २०१४ च्या सावकारी अधिनियमाखाली दरांची मर्यादा घालून दिलेली आहे: शेतकऱ्यांना तारणी कर्जावर ९ व विनातारणी कर्जावर १२ टक्के, इतरांना १५ व १८ टक्के. कागदोपत्री तरी परवान्याचा सावकार कार्डापेक्षा स्वस्त आहे, हा विरोधाभास नोंदवून पुढे जाऊ. बिनपरवान्याच्या सावकाराची गोष्ट निराळी.

कार्ड कशाने भरते, ते कसे शोधावे

कर्जाच्या अर्जाआधी मागील बारा महिन्यांची सर्व कार्डांची बिले एकत्र काढावीत. ॲपवरून पीडीएफ निघतात, ती छापून घ्यावीत, कारण मोबाईलच्या पडद्यावर बारा महिने शेजारी-शेजारी दिसत नाहीत. प्रत्येक पानावरून चारच आकडे वहीत उतरवावेत: मागील शिल्लक, त्या महिन्याची नवी खरेदी, व्याज-शुल्क-कर यांची बेरीज, आणि भरलेली रक्कम. तारखांपेक्षा महिन्याचे नाव ठळक लिहावे, कारण शोधायचे आहे ते महिन्यातच.

परभणी जिल्ह्यातील एका शिक्षकांची अशी वही पाहण्यात आली. पगार चांगला, गावाकडे कोरडवाहू शेती, मुलगा लातूरला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीला. वर्षातील आठ महिने नवी खरेदी आणि भरणा जवळजवळ सारखेच होते. जूनच्या पानावर मात्र क्लासच्या शुल्काचा पहिला हप्ता, वसतिगृहाची अनामत आणि कृषी सेवा केंद्रातील बियाणे-खतांचे बिल अशा तीन नोंदी एका आठवड्यात होत्या, आणि त्या पानापासून पुढे प्रत्येक महिन्याच्या चौथ्या रकान्यात किमान रकमेपलीकडे काही नव्हते. सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीची रक्कम, ऑक्टोबरच्या शेवटी हाती आली, पण तोवर दिवाळी दारात होती आणि आडत्याकडून आगाऊ घेतलेली उचल तीतून आधीच वळती झाली होती. त्यांच्या पत्नींनी पेन्सिलीने जूनच्या रकमेभोवती गोल केला आणि म्हणाल्या, “म्हणजे आपण पेरणी कार्डावर केली की.” घरातील इतर कोणालाही हे तोवर दिसले नव्हते, कारण शेतीचा हिशेब थोरल्या भावाच्या वहीत, क्लासचा हिशेब शिक्षकांच्या मोबाईलमध्ये आणि घरखर्चाचा हिशेब पत्नींच्या डोक्यात होता.

कार्डाचे बिल दरमहा येते आणि शेतीचे उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदा, तेही मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्या दिवशी जो भाव निघेल त्यावर. मृगाच्या पेरणीला आणि शाळा-क्लासच्या शुल्काला पैसा एकाच पंधरवड्यात लागतो, सोयाबीन येते दसरा-दिवाळीच्या सुमारास, तूर त्यानंतर. मधल्या चार-साडेचार महिन्यांचा भार शेकडा चार रुपयांवर वाहिला, तर जूनमध्ये घेतलेल्या ५०,००० रुपयांवर दिवाळीपर्यंत आठ-नऊ हजार रुपये केवळ व्याज आणि कराचे होतात. ज्यांच्या वहीत असा एक ठळक महिना दिसतो, त्यांची अडचण वेळेची आहे.

काही वह्यांत तसा महिना सापडत नाही. प्रत्येक महिन्यातच नवी खरेदी भरण्यापेक्षा दोन-चार हजारांनी जास्त असते. तिथे खर्च उत्पन्नापेक्षा मोठा आहे, आणि कोणतेही कर्ज हे दुरुस्त करू शकत नाही. हप्ते असलेली वस्तू विकणे, दुचाकी बदलण्याचा बेत लांबवणे, मुलाच्या खोलीचे भाडे दुसऱ्या मुलाबरोबर वाटून घेणे अशा नावडत्या निर्णयांवाचून मार्ग नसतो.

तिसरा प्रकार आपल्या समाजात बराच आहे आणि त्याविषयी बोलणे अवघड जाते. कार्ड एकाचे आणि खरेदी भावकीची. मेहुण्याचा मोबाईल, चुलतभावाचा फ्रीज, मित्राच्या दुकानाचा माल, सगळे ‘दर महिन्याला हप्ता देतो’ या शब्दावर. पहिले दोन हप्ते येतात, मग तिसऱ्याला सोयाबीनचा भाव पडलेला असतो. बँकेच्या लेखी कर्जदार एकच. अशा नोंदी वहीत वेगळ्या रंगाने लिहून त्या-त्या व्यक्तीकडून येणे किती हे मांडावे, आणि एकत्रीकरणाच्या कर्जात ही रक्कम घेण्याआधी ती ज्याची आहे त्याच्यासमोर वही ठेवावी. नाते बिघडण्याची भीती खरी आहे. पण त्या माणसाच्या फ्रीजसाठी आपण तीन वर्षे हप्ता भरत राहिलो, तर नाते तसेही टिकत नाही.

चौथा प्रकार ‘कार्ड फिरवण्याचा’. ओळखीच्या दुकानात कार्ड स्वाईप करायचे, दुकानदार दोन-तीन टक्के कापून रोख देतो, त्या रोखीतून दुसऱ्या कार्डाचे बिल भरायचे. यात प्रत्यक्ष खरेदी होत नाही, त्यामुळे कार्डाच्या अटींचा भंग होतो आणि बँक कार्ड बंद करू शकते. वहीत तो ओळखणे सोपे आहे: एका कार्डावर मोठा भरणा झाल्याच्या आसपास दुसऱ्या कार्डावर तेवढीच गोल रकमेची ‘खरेदी’ दिसते. हे चालू असेल तर कर्जाची गरज इतर कोणापेक्षा लवकर आहे, कारण दर फेरीला दोन-तीन टक्के गळतात.

कर्ज घ्यावे का, आणि कोणते

थकबाकी तीन-चार महिन्यांच्या बचतीत फिटण्याजोगी असेल, तर कर्जाच्या भानगडीत पडू नये. सर्वांत महाग कार्डावर जास्तीत जास्त रक्कम, बाकीच्यांवर किमान रक्कम, आणि सगळ्यांवर खरेदी बंद, एवढे पुरते. त्याहून मोठी रक्कम असेल तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

वरच्या उदाहरणातील एक लाख रुपये वार्षिक १५ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज या रीतीने, दोन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ४,८४९ रुपये येतो. कार्डाची किमान रक्कम सुरुवातीला ५,००० रुपये होती. म्हणजे घर जेवढे आता भरतच आहे, त्याहून दीडशे रुपये कमी भरून दोन वर्षांत कर्ज शून्य होते आणि एकूण व्याज सुमारे १६,४०० रुपये पडते. हाच मुद्दा कर्जाच्या बाजूने सर्वांत भक्कम आहे. मात्र शाखेतील अधिकारी किंवा फोनवरील प्रतिनिधी बहुधा पाच वर्षांचा हप्ता सांगतो, कारण २,३७९ रुपये ऐकायला हलके वाटतात. पाच वर्षांत व्याज सुमारे ४२,७०० रुपये होते, आणि हलक्या हप्त्यामुळे मोकळे झालेले अडीच हजार कार्डाकडे परत जातात. तीन वर्षांचा हप्ता ३,४६७ रुपये व व्याज सुमारे २४,८०० रुपये. पगार आणि शेती अशा मिश्र उत्पन्नाच्या घरासाठी माझ्या मते तीन वर्षांची मुदत घ्यावी आणि पट्टी आल्यावर नोव्हेंबरमध्ये काही रक्कम मुदतीपूर्वी भरावी. पण त्यासाठी अंशतः मुदतपूर्व भरणा चालतो का, किती महिन्यांनंतर चालतो आणि त्यावर किती आकार आहे, हे सही करण्याआधी विचारले पाहिजे. पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचे असते आणि त्यावर असा आकार असू शकतो.

दराबाबत तोंडी बोलण्यावर विसंबू नये. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँका व वित्त कंपन्यांनी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, आणि त्यात प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे धरून वर्षाचा एकूण दर दाखवावा लागतो. दोन कर्जांची तुलना या एकाच आकड्यावर करावी. ‘फक्त बारा टक्के, फ्लॅट’ (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज) असे कोणी म्हणाले, तर एक लाखावर तीन वर्षांचे सरळ ३६,००० रुपये व्याज आणि ३,७७८ रुपयांचा हप्ता होतो, जो घटत्या शिलकीच्या सुमारे २१ टक्क्यांच्या बरोबरीचा असतो. कर्जासोबत विमा पॉलिसी गळ्यात घातली जाते का, तेही त्याच विवरणपत्रात दिसते.

सेवकांच्या पतसंस्थेचे कर्ज शिक्षक आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना जवळचे वाटते, कारण कागदपत्रे कमी आणि कपात थेट पगारातून होते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ मुळे ही कपात संस्थेच्या बाजूने पक्की असते. अडचण दोन ठिकाणी येते. एक तर कर्जाच्या रकमेतून शेअर्स आणि अनामत कापून घेतली जाते, त्यामुळे हाती येणारी रक्कम मंजूर रकमेपेक्षा कमी असते आणि शेवटचे कार्ड अर्धवट राहते. अर्ज करतानाच ही कपात धरावी. दुसरे म्हणजे जामीनदार. आपण त्याला, तो आपल्याला, अशा साखळीत स्वतःच्या कर्जासोबत दुसऱ्याच्या कर्जाचाही धोका डोक्यावर असतो. थकल्यास कलम १०१ खालील वसुली दाखला जामीनदारावरही निघतो.

सोने तारण हा आपल्याकडे झटपट मार्ग. दर पर्सनल लोनपेक्षा सहसा कमी, आणि सिबिल, म्हणजे पतनोंद, बिघडलेले असले तरी कर्ज मिळते. धोका दराचा नाही, परतफेडीच्या रीतीचा आहे. वर्षाअखेर एकरकमी फेडीचे कर्ज घेतले, की वर्षभर काहीच भरले जात नाही, मुदत संपताना व्याज भरून नूतनीकरण होते, आणि दागिने वर्षानुवर्षे तिजोरीतच राहतात. ज्यांच्या वहीत जूनचा ठळक महिना आहे आणि नोव्हेंबरमध्ये पट्टीची रक्कम बऱ्यापैकी निश्चित आहे, त्यांना सहा महिन्यांचे सोने तारण योग्य बसते. इतरांनी ते हप्त्याने फेडण्याच्या अटीवरच घ्यावे. आणि दागिने ज्यांचे आहेत त्यांना विचारून घ्यावे, हे वेगळे सांगण्याची पाळी येऊ नये, पण येते.

कार्डाची थकबाकी त्याच बँकेकडे हप्त्यांत वळवून घेता येते. कर्जाचा अर्ज नामंजूर झालेल्यांना हा पर्याय उरतो. त्या व्याजावरही जीएसटी लागतो, म्हणून सांगितलेले १६ टक्के प्रत्यक्षात सुमारे १९ टक्के धरावेत. एका कार्डाची शिल्लक दुसऱ्या कार्डावर हलवणे थोड्या महिन्यांपुरते स्वस्त असते आणि मुदत संपताच पूर्वीचा दर लागू होतो. ज्याला नेमक्या तारखेला रक्कम मिळणार आहे, त्याच्याखेरीज कोणी त्या वाटेला जाऊ नये.

पीक कर्जाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा मोह मोठा आहे. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज ७ टक्के दराने मिळते आणि वेळेत फेडल्यास आणखी ३ टक्के सवलत मिळते, तेव्हा त्यातून ४२ टक्क्यांचे कार्ड फेडले तर काय वाईट, असा हिशेब मांडला जातो. आकड्यांत तो बरोबर दिसतो. पण पीक कर्जाची रक्कम कार्डात गेली की बियाणे-खत उधारीवर येते, कृषी सेवा केंद्राच्या उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, आणि आडत्याची उचल घेतली तर माल त्याच्याच दारात घालावा लागतो. शिवाय शेतीसाठीचा पैसा दुसरीकडे वळवणे कर्जाच्या अटींविरुद्ध आहे. त्याऐवजी उलट पाहावे: पात्र असूनही पीक कर्जाचे नूतनीकरण वेळेत न केल्यामुळे पेरणी कार्डावर गेली असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत नूतनीकरण करून घेणे हीच त्या घराची मुख्य दुरुस्ती आहे. थांबलो तर माफीत बसेल, या आशेने कार्ड थकवणारेही भेटतात. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफी योजना शेतीच्या कर्जांसाठी होत्या; क्रेडिट कार्डाची थकबाकी त्यांत नव्हती.

गृहकर्जावरील वाढीव कर्ज स्वस्त असते, पण दीड लाखाच्या किराणा-मोबाईलसाठी घर पंधरा वर्षे गहाण वाढवणे मला पटत नाही. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपबाबत मागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनी आहे हे पाहिल्याशिवाय संपर्कयादीची परवानगी देऊ नये.

कर्जाची रक्कम हाती आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

बहुतेक घरांत चूक इथे होते. रक्कम खात्यात आल्यावर ‘थोडे राहू द्या, लग्नसराई आहे’ असे म्हणून तीनपैकी दोनच कार्डे फेडली जातात. रक्कम ज्या दिवशी जमा होईल त्याच दिवशी सर्व कार्डे भरावीत, आणि त्याआधी ग्राहक सेवेकडून प्रत्येक कार्डाची त्या तारखेची संपूर्ण बंद करण्याची रक्कम घ्यावी. बिलावरील रक्कम आणि ही रक्कम वेगळी असते. कार्डावर पूर्वी केलेल्या हप्त्यांच्या खरेद्या बिलात एका हप्त्यापुरत्याच दिसतात. उरलेले हप्ते मागे शिल्लक असतात.

यानंतरही पुढच्या महिन्यात काही रुपयांचे व्याज आलेले दिसते. “सगळे भरले, तरी बँकेने लुटले,” असे म्हणून लोक ते बिल फेकून देतात. ते बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचे दिवसागणिक व्याज असते. ते न भरल्यास विलंब शुल्क आणि पतनोंदीतील थकबाकी अशा दोन गोष्टी दोन-तीनशे रुपयांसाठी ओढवतात. नियमाप्रमाणे देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही आणि ते उरलेल्या थकीत रकमेवरच आकारायचे असते, एवढा दिलासा आहे.

त्याच आठवड्यात कार्डांचा निकाल लावावा. सर्वांत जुने एक कार्ड ठेवावे आणि त्याची मर्यादा बँकेकडून कमी करून घ्यावी, एका महिन्याच्या पगाराच्या पंचवीस-तीस टक्क्यांच्या आत. बाकीची लेखी अर्ज देऊन बंद करावीत. थकबाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेला बंधनकारक आहे. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बंद करू नका, मर्यादा वाढवून देतो, असा फोन नक्की येतो. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही, म्हणून फोनवर ‘हो, बरं’ असे सवयीनेही म्हणू नये. कार्ड बंद केल्याने पतगुणांक काही काळ थोडा खाली येईल. पुन्हा लाखाची थकबाकी होण्यापेक्षा ते परवडते. खरेदीच्या ॲपमध्ये जतन केलेली कार्डे काढून टाकावीत आणि विमा, मोबाईल, ओटीटी यांचे कार्डावरील आपोआप भरणे बचत खात्यावर वळवावे, नाहीतर घरातील कोणी काही न घेताही कार्ड भरू लागते.

ज्यांचा ठळक महिना जून होता, त्यांनी हप्त्याच्या जोडीला त्याच दिवशी एक आवर्ती ठेव उघडावी. दरमहा दोन हजार रुपये जुलैपासून पुढच्या मेपर्यंत टाकले, तर व्याज सोडून २२,००० रुपये पेरणी-शुल्काच्या वेळी हाती असतात. क्लासच्या शुल्काचा दुसरा हप्ता नोव्हेंबरमध्ये ठेवता येईल का, हे प्रवेशाच्या वेळी विचारावे. न विचारणाऱ्याला ही सोय कोणी आपणहून देत नाही.

हप्ताच झेपत नसेल तर

कर्ज मिळण्याच्या आधीच दोन-तीन बिले पूर्ण थकली असतील, तर बँक तडजोडीचा प्रस्ताव देते आणि काही मध्यस्थ ‘चाळीस टक्क्यांत मिटवून देतो’ म्हणून शुल्क मागतात. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत; हे बोलणे कर्जदाराने स्वतः बँकेशी करता येते. तडजोड झालीच तर रक्कम आणि तारीख बँकेच्या पत्रावर आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये, आणि भरल्यावर ना-देय प्रमाणपत्र घ्यावे. पतनोंदीत मात्र ‘तडजोड’ असा शेरा वर्षानुवर्षे राहतो आणि पुढे गृहकर्ज किंवा मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी तो आडवा येतो, म्हणून पगार चालू असलेल्याने हा शेवटचा पर्याय मानावा.

वसुली प्रतिनिधीने सकाळी आठच्या आधी किंवा सायंकाळी सातनंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, नातलगांसमोर किंवा शाळेत-कार्यालयात मानहानी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. तसे घडल्यास फोनच्या वेळा टिपून बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे संकेतस्थळावरून विनाशुल्क तक्रार करता येते; १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते.

सर्व कार्डे फेडल्यावर साधारण दोन महिन्यांनी पतअहवाल काढावा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. बंद केलेले कार्ड त्यात चालू किंवा थकीत दिसत असेल, तर ना-देय पत्र जोडून तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.